मुकादम, काकू आणि मधलं दार

शांतता आपोआप होत नाही. तिला वेळ लागतो, जागा लागते आणि किमान एक बंद होणारं दार लागतं. ज्या घरांत शांतता आपोआप नांदते असं सांगितलं जातं, त्या घरांतली निम्मी माणसं कामाला गेलेली असतात आणि उरलेली झोपलेली असतात, असं माझं निरीक्षण आहे.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात सत्तावीस वर्षं काढली. तक्रारी मिटवण्याचा अनुभव मला नाही. तो आमच्या विभागाचा विषयच नव्हता. पण तक्रारीला क्रमांक देणं, तारीख घालणं आणि ती फायलीत अशी लावणं की पुन्हा कोणाच्या हाताला लागू नये, यात माझा हात धरणारा त्या मजल्यावर कोणी नव्हता. म्हणून आपल्या दुसऱ्या लग्नानंतर अकराव्या दिवशी ताईने फोन करून "तू वही घेऊन ये" एवढंच सांगितलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. (वही माझ्या पिशवीत असतेच.)

ताई माझी थोरली बहीण. वय एकोणसाठ, धंदा पडदे शिवण्याचा. पहिला नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या इमारतीतली लिफ्ट वरचेवर बिघडायची आणि ती दुरुस्त करायला जे त्रेसष्ट वर्षांचे विधुर गृहस्थ यायचे, ते आता माझे दाजी. एका वर्षात ती लिफ्ट सतरा वेळा दुरुस्त झाली. त्यांतल्या शेवटच्या सहा वेळा ती मुळात चांगलीच होती, असं मागाहून निष्पन्न झालं.

दोघंही शहाणी, टक्केटोणपे खाल्लेली. लग्नाआधी त्यांनी समोरासमोर बसून यादी केली. फ्रीज कोणाचा ठेवायचा, घड्याळाची टिकटिक कोणाला चालते, खिडकी उघडी ठेवून कोण झोपतं, सगळं ठरलं. प्राण्यांचा विषय यादीत होता, पण शेवटचा होता, आणि तोवर चहा संपला होता. घर दाजींचं ठरलं. ताईच्या जुन्या दोन खोल्यांची किल्ली दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस घरमालकाला परत द्यायची, असंही ठरलं.

ताईकडे मांजर होती. राखाडी, वजनदार, अकरा वर्षांची. तिचं नाव काकू. ती दिवसाचे एकोणीस तास झोपायची आणि उरलेल्या पाच तासांत इतरांच्या वागण्याबद्दल नापसंती व्यक्त करायची. दाजींकडे कुत्रा होता. त्यांच्या भावाने डोंगरावरची मेंढरं विकली तेव्हा हा एकटा उरला आणि सहा वर्षांच्या उमेदीच्या वयात बेकार झाला. मेंढपाळाचा कुत्रा कोणावर भुंकत नाही, कोणाला चावत नाही. त्याला एकच गोष्ट खपत नाही, ती म्हणजे पांगापांग. चार माणसं चार ठिकाणी बसली की तो अस्वस्थ होतो, दबकत फेरी मारतो आणि पोटऱ्यांना नाकाने ढोसून त्यांना एका कोपऱ्यात आणतो. कोणाला इजा होत नाही. फक्त आपण कोपऱ्यात का आहोत हे कोणाला सांगता येत नाही. सगळे त्याला मुकादम म्हणत.

अशा प्राण्याचा घराला किती फायदा आहे हे लोकांना कळत नाही. शिस्त फुकट मिळते.

काकू टोपलीतून नव्या घरात उतरली त्यानंतर अकरा मिनिटांत मुकादमाने तिला कपडे धुण्याच्या मशीनमागे नेऊन लावलं. मग तो समोर आडवा झाला, पंजे पुढे टाकले आणि तिच्यावर नजर रोखून राहिला. मेंढरं गेल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला काही काम मिळालं होतं. त्याने मान वळवून दाजींकडे पाहिलं. दाजींच्या तोंडून सवयीने शब्द निघाला, "शाबास."

तो ताईने ऐकला.

त्या एका शब्दावर पुढे आठ दिवस चर्चा झाली. दाजींचं म्हणणं, तो उच्चार कामाला उद्देशून होता, घटनेला नव्हे. ताईचं म्हणणं, तिची अकरा वर्षांची मांजर भिंतीला चिकटून थरथरत असताना या घरात कोणाला तरी शाबासकी मिळाली. हे तिने एकदाच, शांतपणे सांगितलं. नंतर म्हणाली, "काकू कुठे जाणार नाही. जायची वेळ आली तर आम्ही दोघी जाऊ. किल्ली अजून माझ्याकडेच आहे." मग तिने मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा सल्लागार बाई आधीच आल्या होत्या. प्राण्यांच्या स्वभावाच्या सल्लागार. पन्नाशीच्या, अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि प्रत्येक खिशात वेगळ्या प्राण्याचा खाऊ. त्यांनी कुत्रा पाहिला, मांजर पाहिली आणि मग बराच वेळ दाजी-ताईंकडे पाहिलं.

"कुत्रा चावणार नाही," त्या म्हणाल्या. "तो गोळा करणार. आणि मांजराला गोळा झालेलं चालत नाही. तिला त्याच्या जवळ येण्याचा एवढा त्रास नाही, जेवढा त्याच्या बघण्याचा आहे."

त्यांनी चौदा पानांची पुस्तिका दिली. पद्धत सहा टप्प्यांची होती. पहिल्यात दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं. दुसऱ्यात एकाच्या अंगाखालचा टॉवेल दुसऱ्याच्या खोलीत ठेवून वासाची ओळख करून द्यायची. तिसऱ्यात बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांनी जेवायचं. चौथ्यात जाळीतून एकमेकांना बघायचं. पाचव्यात पट्टा लावून एकाच खोलीत बसायचं. सहाव्या टप्प्याच्या पानावर फक्त एवढंच होतं : "घाई करू नये." मी शासकीय सेवेत असंख्य परिपत्रकं वाचली, पण इतकं अमलात आणण्याजोगं परिपत्रक दुसरं पाहिलं नाही.

नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन्ही पक्षांशी तटस्थ आहे असं ताईचं मत होतं. (माझ्या बायकोचं मत असं की मला दुसरं काम नव्हतं.)

मुकादमाला पुढची खोली मिळाली, काकूला मागची. दार बंद असलं की मुकादम कण्हायचा, म्हणून त्याच्यापाशी दाजी. काकू नव्या भिंतींना घाबरायची, म्हणून तिच्यापाशी ताई. याप्रमाणे नवविवाहित जोडप्याची सोय दोन स्वतंत्र खोल्यांत झाली. लग्नापूर्वीही ते असेच वेगवेगळे राहत होते, पण तेव्हा मध्ये सहा बसथांबे होते, आता एक दार. प्रगती नाकारता येणार नाही.

दुसऱ्या टप्प्यात मुकादमाने काकूचा टॉवेल हुंगला, चारही टोकांनी ओढून गोळा केला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. काकूने मुकादमाच्या टॉवेलवर लघवी केली. मी वहीत लिहिलं : "दोन्ही बाजूंचं म्हणणं प्राप्त झालं."

तिसऱ्या टप्प्यात बश्या दारापासून सात फरश्या लांब ठेवून रोज अर्धी फरशी पुढे आणायच्या होत्या. प्राणी जेवत असताना कोणीतरी शेजारी शांत बसणं आवश्यक होतं, आणि माणसालाही त्याच वेळी भूक लागते. म्हणून दाजी अलीकडे आणि ताई पलीकडे, दोघंही बुटक्या स्टुलांवर, मांडीवर ताटली घेऊन जेवू लागली. पहिले चार दिवस कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी दाराआडून ताईचा आवाज आला, "मीठ आहे का हो तिकडे?"

"आहे," दाजी म्हणाले.

"मग राहू दे. उठू नका. तो जेवतोय."

त्या दिवसापासून दाराच्या फटीतून बोलणं सुरू झालं. ती दोघं अजून एकमेकांना अहो-जाहो करत होती. दाजींनी सांगितलं, पहिली बायको गेल्यावर घरात काही हललेलं त्यांना सोसेना. पेला जिथल्या तिथे दिसला की जरा बरं वाटे. ताईने सांगितलं, तिचा पहिला नवरा तिच्या कपाटाला कुलूप घालायचा, नीटनेटकं राहावं म्हणून. हे दोन्ही विषय लग्नाच्या यादीत नव्हते. मी त्यांची नोंद केली नाही. ते दाराच्या कक्षेबाहेरचे होते.

दरम्यान सल्लागार बाईंनी फोनवर सांगितलं की मुकादमाला काम द्या, बेकारीने तो बिथरलाय. दाजी त्याला सकाळी बागेत नेऊ लागले. तिथे ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ होतं. त्याचे सभासद फेऱ्या मारत मारत सोयीस्करपणे पांगायचे, त्यामुळे दोन वर्षं सभेला कोरम झाला नव्हता. मुकादमाने पहिल्याच सकाळी चौदा जणांना एका बाकाभोवती आणलं. सभा झाली, अध्यक्ष निवडला गेला, मागचं इतिवृत्त मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष दुसऱ्या फाटकातून आले. मुकादमाने त्यांनाही आणलं. पंधरवड्यात मंडळाचे सगळे विषय संपले आणि मग सभासदांना एकमेकांशी बोलावं लागलं. त्यातून दोन जुनी भांडणं नव्याने सुरू झाली. मंडळाने दाजींचा सत्कार केला आणि कुत्र्याला उद्यापासून आणू नये अशी विनंतीही त्याच पत्रात केली.

चौथ्या टप्प्याला जाळी हवी होती. दाजींनी गोदामातून एका मोडीत काढलेल्या लिफ्टचं सरकतं जाळीचं दार आणलं आणि दोन खोल्यांमध्ये बसवलं. जुनं दणकट काम. उघडताना असा करकराट करायचं की आपण आठव्या मजल्यावर उतरतोय असं वाटावं.

नियम साधा होता. मुकादमाने काकूकडे रोखून पाहिलं तर काही बोलायचं नाही. त्याने आपण होऊन नजर वळवली की लगेच बिस्कीट. पहिल्या दिवशी त्याने एकवीस मिनिटं पापणी हलवली नाही आणि शिंक आल्यामुळे त्याला पहिलं बिस्कीट मिळालं. आठवड्यात तो दर अर्ध्या मिनिटाला मान वळवू लागला. काकूसाठी दाजींनी कपाटाच्या डोक्यापर्यंत फळ्या ठोकल्या होत्या. ती सगळ्यांत वरच्या फळीवरून हा कार्यक्रम बघायची.

याच आठवड्यात सल्लागार बाई पाहणीला आल्या. ताई पडदा बेतत होती. तिची कात्री फ्रीजवर होती, टेप सोफ्यावर, दोऱ्याची रिळं तीन खोल्यांत. दाजी बोलता बोलता उठले, कात्री उचलली, टेप उचलली, रिळं वेचली आणि सगळं एका डब्यात घालून कोपऱ्यात ठेवलं. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

सल्लागार बाईंनी खिशातून एक बिस्कीट काढलं आणि ताईच्या हातावर ठेवलं. "हे तुमच्याकडे असू द्या," त्या म्हणाल्या. "ते कात्री बघतील आणि उचलणार नाहीत, तेव्हा द्या."

दाजी हसले. ताई हसली नाही. ती बिस्किटाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कात्री फ्रीजवर होती. दाजी उठले, फ्रीजपर्यंत गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. ताईने त्यांच्या चहाच्या बशीत बिस्कीट ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. (कुत्र्याचं होतं. चव बरी असते, असं त्यांनी मला खाजगीत सांगितलं.)

आता मला एका घटनेकडे यायचं आहे, जिची नोंद माझ्या वहीत पुढीलप्रमाणे आहे : "एकतिसाव्या दिवशी दुपारी जाळीचं दार उघडं राहिलं."

दारं अशी आपोआप उघडी राहतात, हे कार्यालयीन भाषेचं मोठं वैशिष्ट्य आहे. सत्तावीस वर्षांत आमच्याकडे नळ तुटून गेले, पाइप फुटून गेले, फायली गहाळ झाल्या. कोणी काही केलं नाही. प्रत्यक्षात असं झालं होतं की काम वेळेच्या पुढे चाललंय असं माझं मत झालं. टप्पे एकत्र करून वेळ वाचवणं ही आमच्याकडची मान्य रीत. दाजी अंघोळीला गेले होते, ताई दुकानात. चौथा आणि पाचवा टप्पा एकत्रितपणे उरकण्याच्या हेतूने मी दार सरकवलं.

मुकादम उठला. काकू खाली उतरत होती, ती मधल्या फळीवर थबकली. तो दबकला. मी म्हणालो, "बिस्कीट." त्या क्षणी बिस्कीट हा विषय मागे पडला. काकूने त्याच्या नाकावर तीन ओरखडे काढले, एका दवाखान्यासाठी शिवलेल्या हिरव्या पडद्यावर चढली, पडदा दांडीसकट कुत्र्यावर कोसळला, आणि मी मदत आणायला पुढचं दार उघडलं तेव्हा ती माझ्या पायांमधून जिन्यात गेली.

ताई आली तेव्हा पडद्याखाली कुत्रा निपचित पडून होता आणि दाजी ओल्या केसांनी जिन्यात काकूला शोधत होते. तिने जाळीचं दार पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं.

"तुम्ही उघडलंत," ती म्हणाली.

दाजींनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. मी वहीत तारीख लिहीत होतो. मग ते पुन्हा जिन्याकडे वळले.

दोन दिवस काकू सापडली नाही. ताईने बॅग भरली, पण काकूशिवाय निघणं शक्य नव्हतं, म्हणून ती बॅगेशेजारी खुर्चीवर बसून राहिली. दाजींनी आजवर तिचा उल्लेख "ते मांजर" असा केला होता. आता ते मजल्यामजल्यावर हाका मारत फिरले, "काकू, अहो काकू." चार दारं उघडली आणि चार काकू बाहेर आल्या. एकीने चहा विचारला. हवी ती त्यांत नव्हती. मी मागोमाग वही घेऊन फिरत होतो. पाचव्या मजल्यावर माझ्याने राहवेना.

"दाजी, दार मी उघडलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी उघडलं असतं तर आवाज आला नसता."

"मग ताईला का नाही सांगितलं?"

"मग त्या तुमच्याशी बोलल्या नसत्या. माझ्याशी तशाही बोलत नाहीयेत."

मी त्याच पावली खाली गेलो आणि ताईला सांगितलं. तिने माझ्या हातातली वही उघडली. मग म्हणाली, "वहीत लिही. तुझं नाव घालून लिही." मी लिहिलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून असं वाक्य झालं की ज्यात काही बिघडलंही होतं आणि कोणीतरी ते केलंही होतं. बघायला विचित्र दिसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी जेवता जेवता थांबले. गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली असते आणि मोटारीचा पत्रा दिवसभर कोमट राहतो, हे त्यांना आठवलं. (बेचाळीस वर्षं ज्या धंद्यात काढली, तो आठवायला माणसाला दोन दिवस लागतात; शोधताना आपण आधी दुसऱ्यांच्या धंद्यात शोधतो.) ते वर गेले. काकू पत्र्यामागच्या सांदीत होती. तिचे फक्त डोळे दिसत होते.

हात घातला असता तर ती बाहेर काढता आली असती. दाजींनी लिफ्टचा मुख्य खटका बंद केला, उकडलेल्या अंड्याचा तुकडा जमिनीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. अडीच तास. इमारतीतल्या लोकांनी खालून लिफ्टसाठी आरडाओरडा केला. त्यांतल्या नऊ तक्रारी मी जागेवर नोंदवून घेतल्या.

ताई आठ मजले चढून आली तेव्हा धापा टाकत होती. तिने दारातूनच पाहिलं. खोलीभर अवजारं पांगली होती : पाना इथे, तेलाचा डबा तिथे, चिंधी भलतीकडेच. आणि त्या पसाऱ्यात हा माणूस हात मांडीवर ठेवून भिंत बघत बसला होता. ती आत आली आणि त्यांच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बघू नका मागे," दाजी म्हणाले. "आत्ताच अंडं खाल्लंय तिने."

थोड्या वेळाने काकू बाहेर आली, पान्यावरून चालत गेली आणि ताईच्या पदरावर बसली. दाजींनी भिंतीवरची नजर हलवली नाही आणि तोंडातून शब्दही काढला नाही. ताईने पदर गोळा केला, उठली आणि म्हणाली, "चला घरी."

बॅग त्याच संध्याकाळी रिकामी झाली. टप्पे पहिल्यापासून सुरू झाले. माझ्याकडून दाराचं काम काढून घेण्यात आलं; नोंदीचं ठेवलं. महिनाअखेरीस ताई जुन्या घरमालकाला किल्ली देऊन आली. परतताना ती बसने न येता चालत आली, आणि दाजी सहाही थांबे तिच्या दोन पावलं मागे चालले. गोळा न करता.

आज त्या घरात मुकादम आणि काकू एकाच खोलीत झोपतात, अडीच फरश्यांच्या अंतरावर. ती त्याच्याजवळ गेलेली नाही आणि तो तिच्यावर नजर रोखत नाही. सल्लागार बाई म्हणतात, यालाच प्रेम म्हणायला हरकत नाही, पण पुस्तिकेत तसं छापता येत नाही.

ही हकिगत मी आतापर्यंत एकोणतीस जणांना सांगितली. सर्वेक्षण म्हणून ही संख्या लहान आहे, पण निष्कर्ष एकमुखी आहे. एकोणतीसही जणांनी मध्येच थांबवून, आवाज खाली आणून सांगितलं की आमच्याही घरात अगदी असाच एक मुकादम आहे आणि आम्ही कसे दिवस काढतो ते आमचं आम्हाला माहीत. त्यांत एका घरातले नवरा-बायको दोघंही होते, वेगवेगळ्या दिवशी. माझी बायकोही होती. स्वतः मुकादम असल्याची नोंद आजवर एकाही माणसाने केलेली नाही.

तुम्ही तिसावे. वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते मी विचारत नाही. मी आता त्याच माणसाकडे चाललो आहे, वही घेऊन, त्याच्या डोळ्यांसमोर कोण येतं ते लिहून घ्यायला.